धनश्रीचा टाक

अलका तरडे तिसऱ्या खेपेला दुकानाची पायरी चढली आणि माझ्या हातातली छिन्नी तिथंच थांबली. तिनं चपला बाहेर काढल्या, पदर सावरला, पिशवीतून रुमाल काढला आणि रुमालातून मी घडवलेला टाक काढून माझ्यासमोर गादीवर ठेवला. पालथा ठेवला. माझं काम तोंड खाली करून.

"जिजी, ही पन न्हाय वो ती," ती म्हणाली.

"ही पण नाही? मग ही कोण, माझी आत्या?"

रोहिणी, माझी सून, गल्ल्यामागून माझ्याकडं बघत होती. आता जिजी तोंड सोडणार हे तिला कळलं होतं. मी सोडलंच.

या गोष्टीला आठ-नऊ वर्षं झाली. तेव्हा मी सत्तरीत होते, हात चालत होते, चष्मा लावला की नजरही चालत होती. नातेपुत्याच्या पेठेत महामुनींचं दुकान म्हणजे टाकांचं दुकान. सोन्याचं काम माझा लेक उमाकांत बघायचा, पण टाक माझे. टाक म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायचा चांदीचा पत्रा, दोन बोटं रुंद, त्यावर देव उठवलेला, नाहीतर घरातलं गेलेलं माणूस. माझे मालक गेले आणि ठसे माझ्याकडं आले. पितळेच्या ठशावर चांदीचा पत्रा ठेवायचा, वरून शिसं धरून ठोकायचं, की आकृती उठते. मग बारीक छिन्नीनं डोळे-नाक साफ करायचं. पुरुष गेला की घोड्यावरचा ठसा. बाई गेली की हातात कमळ, डोक्यावर पदर. चिंचोक्याएवढं तोंड. चाळीस वर्षांत मी किती बाया त्या एका ठशातून काढल्या असतील, गणती नाही. पाटलीणबाई गेली तरी तोच ठसा, तिच्या घरची भांडी घासणारी गेली तरी तोच. कुणी कधी म्हटलं नाही, आमची सासू अशी दिसत नव्हती. देव्हाऱ्यात गेलं की माणूस देवाचं होतं, त्याचे नाकडोळे कोण बघतो.

शाळेत मी तिसरीपर्यंत गेले. पण माझा टाक परत आला असं कधी झालं नव्हतं. हे मी अलकाला तिन्ही खेपांना सांगितलं होतं.

सगळं सुरू झालं ते रोहिणीच्या मोबाइलमुळं. त्यात तिनं काहीतरी घेतलं होतं. आपण आपलाच फोटो काढायचा, सेल्फी, आणि बोट लावलं की त्याचं चित्र व्हायचं. राजवाड्यात टांगलेलं असतं तसं, नाहीतर पेन्सिलीनं काढल्यासारखं, नाहीतर पाण्यात रंग सोडल्यासारखं. महिन्याभरात पेठेतल्या सगळ्या बाया त्यात गेल्या. मिरची कांडपवाली कोंडाबाई, जिच्या भुवया वर्षभर तिखटानं लाल असतात, तीही स्टेटसवर कुठल्या संस्थानची राणी होऊन बसली. दिवाळीला मला ओळखीच्या बायांचे शुभेच्छांचे फोटो आले ते सगळे एकाच आईच्या पोटच्या बहिणींचे वाटले.

रोहिणीनं एकदा माझाही काढला. मी राळ तापवत होते, घामानं डबडबलेली, तिनं शेजारी बसून हात लांब केला आणि आमच्या दोघींचा फोटो काढला. मग बोट लावलं आणि सगळ्या घराला दाखवत फिरली. माझं नाक बसकं आहे, ते सरळ झालं होतं. जड कुड्यांनी कानाची पाळी फाटलीय, ती शिवली होती. मान हातभर लांब. मी म्हटलं, ही कोण बाई माझं लुगडं नेसून बसलीय? उमाकांत म्हणाला, आई, छान दिसतेस. पस्तीस वर्षांत त्यानं मला कधी छान म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते तिला.

तर त्या नादात रोहिणीनं दुकानाच्या मोबाइलवरून जाहिरात सोडली. फोटोवरून चेहऱ्याचा टाक करून मिळेल. मला विचारलं नाही. मी फलटणला पुतणीच्या मुलाच्या बारशाला गेले होते. परत आले तर गादीवर कागद, त्यावर मोबाइलवर आलेलं एका पोरीचं रंगीत चित्र छापलेलं, आणि खाली रोहिणीच्या अक्षरात, तरडे, मुक्काम मोरोची, मुलगी धनश्री, वय एकोणीस.

मी रोहिणीला फार बोलले. म्हटलं, ठसा कुठाय याचा? तोंडाचा ठसा आपल्याकडं असतो का? ती म्हणाली, जिजी, तुम्हाला येतं की राळेवर उठवायला. तुम्ही कुंकवाच्या करंड्यावर मोर उठवताच. मी म्हटलं, मोराला आई नसते बघायला.

तरी केलं. का केलं, तर तिनं तोंडातून शब्द दिला होता दुकानाचा. आणि पोर एकोणीस वर्षांची. पुण्याला नर्सिंगला होती, तिकडं डेंग्यू झाला आणि चार दिवसांत गेली. कुवार पोर. आमचा कमळवाला ठसा तिला चालणार नव्हताच, तिच्या डोक्यावर पदर कधी आलाच नव्हता.

राळेवर काम म्हणजे असं. राळ गरम करून पसरायची, त्यावर चांदीचा पातळ पत्रा चिकटवायचा आणि पाठीमागून ठोकत ठोकत तोंड फुगवून आणायचं. मग पत्रा उलटायचा आणि पुढून कोरायचं. कागदावरचं चित्र मी समोर टेकवून ठेवलं आणि रुपयाएवढं तोंड आठ दिवस उठवलं. मोठाले डोळे, धारदार नाक, पातळ ओठ, टोकदार हनुवटी. कागदाशी लावून बघितलं तर जसंच्या तसं.

अलकानं ते हातात घेतलं, खिडकीपाशी नेलं, आणि म्हणाली, नाकात जरा फरक वाटतोय.

मी नवा पत्रा घेऊन नाक केलं. ती दुसऱ्यांदा आली. म्हणाली, हनुवटी. मी हनुवटी केली, त्यासाठी परत सबंध पत्रा नवा घेतला आणि टाक मोरोचीला धाडून दिला. आता तिसऱ्यांदा आली तर एकदम सगळी पोरगीच नाही म्हणते.

"इकडं ये," मी म्हटलं. "बस. कागद आणि टाक शेजारी धर. भुवई मोज. डोळा मोज. कुठं चुकलंय दाखव."

ती बसली. चाळिशीची असेल, उन्हानं करपलेली, हाताला मेंदीसारखे उसाच्या पानांचे ओरखडे. तिनं कागदाकडं बघितलं, टाकाकडं बघितलं.

"कागदापरमानं बरोबर हाय," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय न्हाय."

माझं डोकं फिरलं. मी तिला काय काय बोलले ते आता लिहिताना बरं वाटत नाही. म्हटलं, तुम्हाला सगळ्यांना आता नट्या पाहिजेत. गेलेल्या पोरीलासुद्धा. नाक अजून सरळ पाहिजे का? डोळे अजून मोठे? मग सिनेमातली एखादी कापून आण पेपरातून, तिचा करून देते. माझ्या हातावर गेली चाळीस वर्षं माणसं देव होतायत, आणि तू मला नाक शिकवायला आलीस. रोहिणी मधे म्हणाली, जिजी, पुरे. मी म्हटलं, तू तर बोलूच नको, हे सगळं तुझ्या मोबाइलचं.

अलका ऐकून घेत होती. मी दम खायला थांबले तेव्हा तिनं ब्लाउजमधून मोबाइल काढला. काच तडकलेली, मागं गुलाबी रंगाची टिकली चिकटवलेली. पोरीचा असणार.

"दुसरा फोटो असला तर दाखव," मी म्हटलं. "ह्या चित्रावरून नको. साधा, नुसता फोटो."

तिनं मोबाइल माझ्या हातात दिला. रोहिणीनं पुढं येऊन बोटानं सरकवत दाखवायला सुरुवात केली. पहिलं चित्र निळ्या रंगाचं. दुसरं पेन्सिलीचं. तिसरं सोनेरी चौकटीतलं, गळ्यात मोत्यांच्या माळा. चौथं, पाचवं, दहावं. एकात पोरगी गोरी, एकात नाक चाफेकळी, एकात डोळे हिरवट. पन्नासेक चित्रं असतील. पन्नास पोरी होत्या. एक दुसरीसारखी नव्हती.

"साधा?" मी परत म्हटलं.

"तिनं ठेवलाच न्हाय," अलका म्हणाली. "फोटो काढायची, त्याचं हे करायची, आन् खरा पुसून टाकायची. आवडायचा न्हाय तिला."

रोहिणीनं विचारलं, आधार कार्ड? शाळेचा? अलका म्हणाली, आधार कार्डावर पोर अकरा वर्षांची आहे आणि सगळं काळं आलंय. बारावीच्या वर्गाचा फोटो आहे, त्यात ती मागच्या रांगेत आहे आणि तोंडावर हात धरलाय. बारशाचा आहे, जावळाचा आहे. सातवीपर्यंतचे आहेत. पुढचे सगळे असले.

मग ती जे म्हणाली त्यासाठी ती तीनदा आमची पायरी चढली होती. पण मला ते माहीत नव्हतं.

नवऱ्यानं त्यातलं सगळ्यात देखणं चित्र मोठं करून आणलं होतं. ते बाहेरच्या खोलीत लावलंय, वर दिवा लावलाय. पाहुणे येतात, म्हणतात, काय गुणाची पोर होती, काय रूप. नवऱ्याला ते ऐकून बरं वाटतं. बोलत नाही, पण बरं वाटतं. हार घालायचं काम अलकाचं.

"रोज त्या परक्या पोरीला हार घालती मी," ती म्हणाली. "चालतंय म्हणलं. मला माझी म्हाईत हाय की. पन परवा भाकरी थापताना तिची आठवन आली, तर त्या फोटुतलंच तोंड म्होरं आलं. लई डोळं मिटलं, ते जाईना. माजी पोर येईना, जिजी. तीच येती. म्हणलं चांदीत एकदा माजी धरून ठेवावी, पार जायच्या आत."

रोहिणी मोबाइल घेऊन उभीच होती. मी खरं सांगते, मला काय बोलावं सुचलं नाही, आणि न सुचलं की मला राग येतो. मी म्हटलं, "मग पहिल्या दिवशीच सांगायचं नाही का? हे चित्र खोटं आहे म्हणून? माझे तीन पत्रे आणि महिना गेला."

"तुमी कुटं बोलू दिलं," अलका म्हणाली.

ते खरं होतं. पहिल्या खेपेला मी तिला नाकावरून ऐकवलं, दुसऱ्या खेपेला हनुवटीवरून.

मी मेणाचा गोळा घेतला. नवीन घडण असली की मी आधी मेणात करून बघते. म्हटलं, सांग, कशी होती. तोंड गोल का लांबट?

"गोल," ती म्हणाली. मी गोल केलं. "न्हाय, इतकं न्हाय. लांबट म्हणा." मी लांबवलं. "न्हाय."

कपाळ? मोठं. मी मोठं केलं. न्हाय. नाक? तिच्या आज्जीवानी. आज्जी कशी होती? आज्जी गेली तिला वीस वर्षं झाली, तिचाही फोटो नाही. गाल? भरल्याले. असे? न्हाय. असे? तसं नव्हं. मेण माझ्या हातात गरम होऊन लिबलिबीत झालं. पाऊण तास हे चाललं. उमाकांत जेवायला बोलावून गेला, मी त्याला हाकललं. रोहिणी मधेच म्हणाली, जिजी, भुवया जरा. मी तिलाही हाकललं. त्या बाईला शब्द नव्हते आणि जे होते ते भाकरी-कालवणाला पुरणारे होते, तोंडाला नव्हते. आणि मी काही केलं की ते परत देखणं होत होतं. मला कळतच नव्हतं का होतंय. माझा अंगठा आपोआप नाक सरळ करत होता.

शेवटी मी तो गोळा तिच्या मांडीवर टाकला.

"मला जमत नाही," मी म्हटलं. असं मी जन्मात कुणाला म्हटलं नव्हतं. "तूच कर."

"मला काय येतंय."

"भाकरी येते ना? मग दाब. दिसत नाही म्हणतेस ना, मग बघू नको. डोळे मीट."

मी चिडून बोलले होते. त्यात काही शहाणपण नव्हतं. तिनं गोळा उचलला, डोळे मिटले आणि बसून राहिली. मला वाटलं, आता रडेल. मग तिचा डावा हात हलला. त्या हातानं तिनं गोळा खालून धरला, अंगठा एका गालाला, चार बोटं दुसऱ्या गालाला. पोराचं तोंड धुताना आपण हनुवटी अशी धरतो, पळून जाऊ नये म्हणून. मी ते बघितलं आणि रोहिणीचा हात धरला, ती काहीतरी बोलायला निघाली होती.

अलकाचा उजवा अंगठा कपाळावरून फिरला. एकदा, दोनदा, केस मागं सारावेत तसा. मग नाकाच्या कडेनं खाली आला. तिथं जरा दाबलं, दोन्ही बाजूंनी, शेंबूड पुसताना दाबतो तसं, आणि नाक बसकं झालं. रुंद झालं. डोळ्यांच्या कोपऱ्यात करंगळी फिरवली. गाल तिनं केलेच नाहीत, डाव्या हाताच्या धरण्यानं ते आपोआप झाले होते, वर चढलेले, भरलेले. तिला अडत नव्हतं. माझ्या पाऊण तासाच्या पुढं ती पाच मिनिटांत गेली. हनुवटी आखूड, मधे खळगा. मग अंगठा वरच्या ओठावर आला आणि थांबला.

"हितं वर येतंय," ती म्हणाली. डोळे मिटलेलेच. "दात हाय. त्याच्यावर ओठ चढतोय." तिनं तिथलं मेण चिमटीत धरून वर ओढलं. आणि ओठावर अंगठा ठेवून म्हणाली, "मीच म्हनायची, तोंड मीट. कुनी आलं, फोटो काडाया लागलं, की म्हनायची, धने, तोंड मीट."

तिनं डोळे उघडले. मांडीवर तोंड होतं. ओबडधोबड, सगळ्या अंगठ्याच्या खुणा उमटलेलं, एक डोळा वर एक खाली. पण कुणीतरी एक होती ती. हसू दाबून धरलेली, दात पुढं आलेली, काळीसावळी असणार असं बघूनच वाटावं अशी.

अलका तिच्याकडं किती वेळ बघत बसली मला माहीत नाही. मी उठून आत गेले आणि तांब्याभर पाणी प्याले.

ते मेण मी ठेवून घेतलं आणि नवा पत्रा कापला. चौथा. आठवडाभर दुसरं काही हातात घेतलं नाही. तळेकरांच्या लग्नाचे देव राहिले होते, त्यांना सांगितलं, थांबा. मेण समोर ठेवून राळेवर उठवत गेले. नाक बसकं उठवायला फार अवघड असतं, मला माहीत नव्हतं. सरळ नाक आपलं आपण येतं. आठव्या दिवशी पत्रा धुतला, रिठ्यानं घासला, उन्हात धरला. मला आवडला. ती बघून जाईपर्यंत मागच्या पोकळीत लाख भरून ती बंद करायची नाही एवढं शहाणपण आता आलं होतं, म्हणून तसाच ठेवला आणि निरोप धाडला.

या खेपेला नवराही आला. उंच, पांढरी टोपी, बोलायला कमी. बाकावर बसला आणि घड्याळ बघायला लागला, त्यांना परतीची गाडी धरायची होती. अलकानं टाक घेतला. बराच वेळ बघितलं. माझा जीव टांगणीला लागला होता, हे मी कबूल करते. तरुणपणी सासऱ्यांनी माझं पहिलं काम हातात घेतलं होतं, तेव्हाही इतका नव्हता.

"लई जमलंय," ती म्हणाली. मग अंगठा त्यावर फिरवला. "ओठ तेवढा सरळ झालाय."

"नाही," मी म्हटलं. "मेणावरून केलाय. दात आहे त्यात."

"हाय, पन बारका. झाकल्यावानी."

मी तिच्या हातातून टाक जवळजवळ हिसकला. भिंग लावलं. मेणातल्या पोरीचा ओठ दातावरून वर गेला होता, दुमडून, बेढब. माझ्या चांदीतल्या पोरीचा ओठ हलकेच उचललेला होता. गोड. दात होता, पण मोत्यासारखा, रांगेत. नाकाकडं बघितलं. बसकं होतं, पण नीट बसकं. हनुवटीतला खळगा मी मधोमध आणला होता. आठ दिवस मेण डोळ्यांपुढं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

नवरा म्हणाला, चांगलाय की. देव्हाऱ्यात ठिवायचा, तितं कोन दात बघतंय.

अलकानं पिशवीतून रुमाल काढला. घेऊन जाईल, मला वाटलं. दमली होती ती. चार खेपा झाल्या होत्या.

रोहिणी माझ्या खांद्यावरून भिंगात बघत होती. हळूच म्हणाली, म्हणजे फक्त मला ऐकू जाईल एवढं, "जिजी, तुम्ही पण तेच केलंत."

"काय तेच?"

"मोबाइल करतो ते."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी तिला दुकानातून बाहेर काढली असती. मी भिंग खाली ठेवलं. समोर भिंतीला ठसे टांगलेले होते, घोड्यावरचे, कमळवाले. मी तिकडं बघितलं नाही. राळेची थाळी पुढं ओढली आणि रोहिणीला म्हटलं, शेगडी पेटव.

नवरा म्हणाला, गाडी जाईल.

राळ मऊ झाली. मी पत्रा उलटा चिकटवला, पाठ वर. सगळ्यात बारीक छिन्नी घेतली, सुईसारखी, जिनं मी मोराच्या पिसातला डोळा काढते. ओठाच्या जागी मागून टेकवली आणि हातोडीनं टिचकी मारली. हात ऐकेना. हात चाळीस वर्षं एकाच सवयीचा. टिचकी मारली की तो आपली दुसऱ्या बाजूनंही मारायचा, समान करायला. दोनदा तसं झालं. तिसऱ्यांदा मी अलकाला जवळ बोलावलं, म्हटलं, माझ्या हातावर हात ठेव, आणि मी दुसरीकडं निघाले की दाबून धर. तिनं ठेवला. खरखरीत, उसाच्या पानांनी कापलेला हात. मी एका जागी पाच टिचक्या मारल्या. हात दुसऱ्या बाजूला निघाला, तिनं दाबला. अजून तीन मारल्या. पत्रा फाटेल की काय अशी भीती वाटत होती. मग नाकाच्या एका बाजूला. मग हनुवटीचा खळगा, मधून जरा डावीकडं.

पत्रा सोडवला, गार केला, पुसला आणि न बघता तिच्याकडं दिला. मला बघायचं धाडस नव्हतं.

ती पण बघत नव्हती. डाव्या हातानं तिनं टाक खालून धरला, रुपयाएवढं तोंड, आणि डोळे मिटून उजवा अंगठा कपाळावर ठेवला. नाकाच्या कडेनं खाली आणला. ओठापाशी आल्यावर अंगठा अडला. चांदीत ठेच लागावी तसा. तिथून तो पुढं गेलाच नाही.

"हाय," ती म्हणाली. "हितंच हाय."

नवरा बाकावरून उठला होता. पिशवी काखेत मारून दारापाशी उभा राहिला आणि म्हणाला, चल, निम्म्या वाटंत आंधार व्हईल.

"बस खाली," मी त्याला म्हटलं. "पुढच्या गाडीनं जा. ती पोरीचं तोंड धुतेय."